फाट्याचं तिकीट

आमच्या गावाची लोकसंख्या किती, असं विचारलं तर गावात कुणी माणसांचा आकडा सांगत नाही. उंबरे सांगतात. नव्वद उंबरे. त्यातल्या किती उंबऱ्यांच्या आत चूल पेटते हा पुढचा प्रश्न. तो बाहेरचा माणूस विचारत नाही आणि आतला टाळतो. गाव नगरपासून तसं फार लांब नाही. मोठ्या रस्त्यावर फाटा आहे. तिथं पत्र्याची शेड, चहाची टपरी, पंक्चरचं दुकान. फाट्यापासून आत चार किलोमीटरवर आम्ही. रस्ता गावातच संपतो, पुढं डोंगर. म्हणजे आमच्यावरून कुणी कुठं जात नाही. यायचं तर आमच्याकडंच यायचं, आणि आमच्याकडं यायला आहे काय, असं कुणी म्हटलं की मला राग येतो, पण उत्तर सुचत नाही.

मी कंडक्टर होतो. एकदा शाळेच्या सहलीची गाडी घेऊन हिवरे बाजारला गेलो होतो. मुलं बंधारे बघत होती, गुरुजी वहीत लिहून घेत होते, आणि मी मात्र गावात शिरणारा रस्ता बघत उभा होतो. एका तासात बाहेरच्या पाच गाड्या आल्या. मी मोजल्या. मोजायची सवय जाता जात नाही. आमच्या गावाला दिवसाला एकच गाडी होती, सकाळी सातला जाणारी आणि संध्याकाळी पाचला येणारी, आणि तीच आमची शान होती.

नोकरीची पहिली वर्षं मी लांबच्या रस्त्यांवर काढली. शेवटची तेरा वर्षं मात्र आपल्याच गावाच्या गाडीवर होतो. ती ड्युटी मी मागून घेतली होती. घरची भाकरी मिळावी हे एक कारण, आणि आपल्या गावच्या माणसांना आपण हात धरून गाडीत चढवावं ही हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला होतं, पण ते फार उशिरा कळलं.

ड्युटीच्या पहिल्याच सकाळी गाडीत वहिनी चढली. माझ्या थोरल्या भावाची बायको. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. आई मी लहान असतानाच गेली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माझ्या डोक्यातल्या उवा काढणं, शाळेत ढकलणं, परीक्षेला जाताना हातावर दही ठेवणं, सगळं तिनं केलं. पण त्या नऊ वर्षांच्या शेंबड्या पोरालाही ती पहिल्या दिवसापासून ‘भावजी’ आणि ‘तुमी’ म्हणत आली, आणि मी तिला अगं-तुगं. आमच्याकडं याचं कुणाला काही वाटत नाही.

तर त्या सकाळी ती बोरांची पाटी घेऊन नगरला निघाली होती. मी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणालो, तुझं तिकीट राहू दे, मी भरतो. ती पाटीसकट उठून उभी राहिली. फुकट बसायची नाही म्हणाली, आणि दिरानं पैसे भरले तर त्याच्या घरात भांडण लागेल तेही नको. आता गाडीतली सगळी माणसं आमच्याकडं बघायला लागली. आमच्या गावात दोघं बोलत असले की तिसरा ऐकतोच, आणि चौथा निकाल देतो. पण निकाल वहिनीनंच दिला.

“फाट्यापत्तोर मी रोज चालतच जाती,” ती म्हणाली. “आज भावजीची गाडी म्हून बसले. तर तिकीट फाट्याचंच द्या.”

ही गोष्ट खरी होती. आमच्याकडं निम्मं गाव फाट्यापर्यंत चालत जायचं. भाडं टप्प्याप्रमाणं असतं. गावात चढलं तर एक टप्पा जास्तीचा लागतो, फाट्यावर चढलं तर तो वाचतो. चार किलोमीटर चालणं म्हणजे आमच्या लोकांना काही चालणं वाटत नाही. गाडी यायची, ती गावातून निम्मी रिकामी निघायची आणि फाट्यावर आमचीच माणसं घाम पुसत चढायची. वहिनीचं म्हणणं असं, की फाट्यापर्यंतची गाडी दिराची आणि फाट्यापुढची सरकारची. मला हे पटलं. पटायला मी बसलोच होतो.

मी तिला फाट्यावरून नगरचं तिकीट दिलं. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ, गावच्या नात्यानं माझे मामा, चढले आणि म्हणाले, वहिनीला फाट्याचं, मग मामाला काय बांधावरचं? आठवडाभरात सगळ्या गावाला ते लागू झालं. गाडी फाट्यावर पोहोचेपर्यंत मी तिकिटाच्या मशिनला हातच लावायचो नाही. येताना तिकीट फाट्यापर्यंतचं, आणि पुढं गावापर्यंत आपली माणसं आपल्या गाडीत. तपासणीवाले त्या चार किलोमीटरात कधी फिरकले नाहीत. ड्रायव्हर कुणीही आला तरी गाव त्याला भाकरी-पिठलं खाऊ घालायचं, त्यामुळं तोही आमचाच होऊन जायचा.

एक सांगतो. या सगळ्यात एक रुपया माझ्या खिशात गेला नाही. त्यामुळं हे चूक आहे असं मला तेरा वर्षांत एकदाही वाटलं नाही. उलट म्हातारी माणसं चालायची थांबली, शाळकरी पोरी पावसात कोरड्या पोहोचायला लागल्या, बाजारच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. मी मागच्या दाराशी उभा राहून त्या गर्दीकडं बघायचो आणि मला बरं वाटायचं. मशिनमध्ये प्रत्येक थांब्याची नोंद होते हे मला ठाऊक होतं. कोण कुठं चढला, कुठं उतरला. फाट्याच्या नावापुढं रोज तीस-चाळीस माणसं आणि गावाच्या नावापुढं काहीच नाही, हेही मला दिसत होतं. पण ते कुणी वाचत असेल असं कधी मनात आलं नाही.

निवृत्त झालो तेव्हा गावानं मला फेटा बांधला, नारळ दिला. देवळापुढं भाषणं झाली. आपल्या माणसानं आपल्याला कधी परकं समजलं नाही, असं एक जण म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या जागी आलेल्या नव्या कंडक्टरला गावानं पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं, की इथली पद्धत फाट्यापासून धरायची आहे. तो बिचारा नवा होता. त्यानं ती पाळली.

मग भाऊ गेला. आणि त्यानंतर वर्षभरात वहिनीचे पाय सुजायला लागले. आधी आम्ही वयाचं म्हणून सोडून दिलं, मग तोंडावर सूज आली, तेव्हा नगरला नेलं. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा मशिनवर यावं लागेल, कायमचं, आणि खाडा चालणार नाही. दिवस ठरले मंगळवार आणि शुक्रवार. दवाखाना नगरच्या सावेडीत होता. सातची गाडी गावातून निघायची, वहिनीच्या ओट्यापासून तीस पावलांवर. साडेआठला नगरचं स्टँड, तिथून रिक्षा, चार तास मशिनवर, साडेतीनची परतीची गाडी, पाचला घर. बरोबर मी असायचो. गावात कुणी विचारलं तर ती म्हणायची, रक्त धुवायला चालले. जसं काही ओढ्यावर धुणं घेऊन निघाली आहे.

माझा मुलगा सावेडीतच राहतो, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. तो म्हणाला, काकूला इथंच ठेवू. दवाखाना चालत दहा मिनिटांवर. त्याचं म्हणणं सोळा आणे बरोबर होतं आणि सूनही मनाची मोठी आहे. वहिनी पंधरा दिवस राहिली. सोळाव्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. तिथं खिडकी उघडली की समोरच्याची न्हाणी दिसते, म्हणाली, आणि दिवसभर कुणी दारावरून जात नाही. तिच्या दोन शेळ्या होत्या, सात कोंबड्या होत्या, आणि ओटा होता. मी खूप समजावलं. मग मीच म्हणालो, जाऊ दे, गाडी आहे ना आपली. तेव्हा गाडी होती.

गाडी बंद झाल्याचं आम्हाला ड्रायव्हरनं सांगितलं. एका गुरुवारी संध्याकाळी सगळे उतरल्यावर तो खाली आला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, उद्यापासून गाडी फाट्यावरूनच वळणार. आम्हाला वाटलं, रस्त्याचं काम असेल. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. वहिनी सहालाच आवरून पिशवी घेऊन लिंबाखाली, गाडी उभी राहायची तिथं, येऊन बसली. गाडी येईलच म्हणाली, आणि सव्वासात झाले तरी ती उठेना. मी शेजारच्याची मोटरसायकल मागितली आणि तिला मागं बसवून फाट्यावर नेलं. गाडी निघून गेली होती. त्या दिवशी एका दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून ती नगरला गेली.

सरपंचबाई डेपोत जाऊन एक कागद घेऊन आल्या. तो देवळात सगळ्यांसमोर वाचला गेला. त्यात एवढंच होतं, की फाटा ते गाव या टप्प्यावर प्रवासी जवळपास नाहीत, सबब फेरी फाट्यापर्यंत मर्यादित करण्यात येत आहे. आधी आरडाओरडा झाला. रोज गाडी भरून जाते आणि हे म्हणतात प्रवासी नाहीत? एक जण म्हणाला, मोर्चा नेऊ. दुसरा म्हणाला, आमदाराला गाठू. मग हळूहळू आवाज खाली आला. एकेकाच्या लक्षात यायला लागलं. तेरा वर्षं आणि वर नव्या कंडक्टरची तीन, या सोळा वर्षांत आमच्या गावातून कुणी कुठं गेलंच नव्हतं. कागदावर आम्ही नव्हतोच. मी खांबाला टेकून बसलो होतो. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. मला वाटत होतं, कुणीतरी बघावं, दोन शिव्या घालाव्यात. शेवटी ते मामाच म्हणाले, “आपलंच हाय ते. कुनाला काय म्हनायचं?” आणि सभा उठली.

दुसऱ्या दिवशी मी डेपोत गेलो. तिथले मॅनेजर मी नोकरीत असताना नवीन लागले होते, मला काका म्हणायचे. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, पहिल्या तिकिटापासून. म्हणालो, काय शिक्षा करायची ती माझी करा, गाडी आत पाठवा. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलं नाही, म्हणाले. माझ्या पेन्शनची त्यांना काळजी होती. मला माझीच कीव आली. गुन्हा कबूल करायला गेलो आणि कुणी लिहूनही घेईना.

माणूस भला होता. त्यांनी पंधरा दिवस गाडी आत पाठवायचं कबूल केलं. अट एकच, तिकिटं गावाची फाडायची. किती माणसं आहेत ते मशिनला दिसू दे, मग मी वर लिहितो, असं म्हणाले. मी घरी येईपर्यंत हवेत होतो. मला खात्रीच होती. माणसं तर होतीच. फक्त ती लिहिली गेली नव्हती. आता लिहिली जातील.

त्या संध्याकाळी शंभर पानी वही घेऊन मी गावात फिरायला लागलो. घरटी किती माणसं गाडीत बसतील, कोणत्या दिवशी, असं लिहून घ्यायचं ठरवलं होतं. पहिल्या आळीतच माझा जोर ओसरला. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्या घरात म्हातारी आणि तिचा रेडिओ. तिसऱ्या घरातला मुलगा सुप्याच्या कारखान्यात लागलेला, मोटरसायकलवर जातो. गाडीची वेळ त्याच्या पाळीला जुळत नाही. चौथ्या घरातल्या पोरी, ज्या माझ्या गाडीतून हायस्कुलात जायच्या, लग्न होऊन कधीच गेलेल्या. त्यांच्या पाठच्या पोरी हॉस्टेलवर. पाचव्याला कुलूप. सहाव्या घरात नवरा-बायको, दोघांनाही दिसत नाही. मी हे सगळं ओळखून नव्हतो का? होतो. या प्रत्येक घराच्या लग्नाला गेलो होतो, मर्तिकाला गेलो होतो. पण एकेक करून गेलेली माणसं एकदम गेल्यासारखी तेव्हाच दिसली. वहीची अठ्ठ्याण्णव पानं कोरी राहिली.

मशिदीजवळचं एक घर तर माझ्या गाडीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं. बाप आणि तीन मुलगे, बांगड्यांच्या पेट्या घेऊन रोज कुठल्या तरी गावच्या बाजाराला जायचे. पेट्या टपावर चढवताना त्यांचा आणि ड्रायव्हरचा रोज वाद व्हायचा. ते कुटुंब नगरला राहायला गेलं त्याला दोन वर्षं झाली. घराला कुलूप, पण दारातली तुळस कुणीतरी शेजारीण पाणी घालून जगवते. ती तुळस शेजारणीचीच, जागा त्यांची. कुलपाला वाटेवरची धूळ बसली होती. मी उगीच ती पुसली.

पंधरा दिवसांचे पहिले तीन दिवस जत्रेसारखे गेले. ज्यांना काही काम नव्हतं तेही गाडीत बसले. फाट्यापर्यंत गेले, टपरीवर चहा प्यायले, आणि चालत परत आले. काही बायका माहेरी जाऊन आल्या. कंडक्टर आता एक तरुण मुलगी होती, कामाला चोख. ती ‘कुठून’ विचारायची आणि लोक सवयीनं ‘फाटा’ म्हणायचे. मग गाडीतून चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, अहो गाव म्हणा, गाव. दुसऱ्या दिवशी तीच मला म्हणाली, काका, हे काहीही म्हणोत, मी गावाचंच देते, तुम्ही काळजी नका करू.

मंगळवारी वहिनी चढली. आदल्या दिवसापासून तिला धाप होती. सीटवर बसून तिनं डोळे मिटले आणि कंडक्टर आल्यावर न उघडताच म्हणाली, फाट्याचं द्या. मी मागून म्हणालो, वहिनी, गावाचं. ती डोळे उघडून हसली. व्हय की, म्हणाली. मग रुमालाची गाठ सोडायला लागली.

चौथ्या दिवसानंतर गर्दी ओसरत गेली. रोज रोज माहेरी कोण जाणार आणि रोज रोज चहा तरी किती पिणार. तरण्या पोरांना मी वाटेत अडवून म्हणायचो, बाबांनो, पंधरा दिवस मोटरसायकल घरी ठेवा. ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे, आणि दुसऱ्या दिवशी भुर्रकन निघून जायचे. त्यांचंही खरं होतं. सातच्या गाडीनं गेलं तर कामाची वेळ टळते आणि पाळी सुटल्यावर परत यायला काही नाही. नवव्या दिवशी गावातून गाडीत बसलेली माणसं चार. त्यातला एक मी.

दहाव्या दिवशी संध्याकाळी गाडी आली आणि त्यातून ते बांगडीवाले चाचा उतरले. सत्तरीचे, काठी टेकत. नगरला स्टँडवर कुणीतरी त्यांना आमच्या गाडीचं सांगितलं होतं. ते नगरहून गावाचं तिकीट काढून आले होते, आणि सकाळी सातला गावातून नगरचं काढून परत जाणार होते. रात्री माझ्याकडंच जेवले. मी म्हणालो, चाचा, एवढ्यासाठी कशाला त्रास घेतलात.

“पेट्या उतरवताना तुमी कधी आडवलं न्हाई,” ते म्हणाले. “एक मानूस तर माझंबी धरा.”

शेवटच्या आठवड्यात ते असे दोनदा येऊन गेले. मी त्यांना लिंबाखाली निरोप द्यायला उभा राहायचो.

पंधरा दिवस संपले. सरपंचबाईंना फोन आला, तरी मी स्वतः डेपोत गेलो. मॅनेजरांनी मशिनचा कागद माझ्यापुढं सरकवला. मला वाचायची गरज नव्हती, मी रोज मोजतच होतो.

“काका, आधीचं खोटं होतं असं तुम्ही म्हणालात,” ते म्हणाले. “आता मशिन खरं बोललंय.”

खोट्या आकड्याशी माणूस भांडू शकतो. मी उठलो, त्यांना नमस्कार केला, आणि स्टँडवर येऊन बाकावर बराच वेळ बसलो. समोरून गाड्या जात-येत होत्या. पाट्यांवर गावांची नावं. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. जेव्हा खरोखर चाळीस माणसं चढत होती तेव्हा मी ती गावाच्या नावावर लिहिली असती, तर गाडी एकाची दोन झाली असती का? दुपारची एक फेरी मिळाली असती, तर पोरी हॉस्टेलवर गेल्या नसत्या, चाचांनी घराला कुलूप घातलं नसतं? का ही माणसं जायचीच होती, आणि मी उगीच स्वतःला एवढा मोठा समजतोय? हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी बायको म्हणते, दुसरं. तिनं तसं म्हणणं तिचं कामच आहे.

त्यानंतर मी एक जुनी मोटरसायकल घेतली. माझं वय बासष्ट, गुडघे कुरकुरतात, आणि मागं बसलेल्या वहिनीचा हात माझ्या खांद्याला इतका हलका लागायचा, की ती आहे की नाही म्हणून मी मधेच मान वळवायचो. मंगळवार आणि शुक्रवार, पावणेसातला निघायचं. फाट्यावर गाडी कधी वेळेवर, कधी अर्धा तास उशिरा. शेडमध्ये बसायला दगडी बाक, तो थंडीत गार आणि उन्हात तापलेला. परतताना, मशिनवरून उठलेल्या बाईला चार किलोमीटर खड्ड्यांतून मोटरसायकलवर आणायचं म्हणजे काय, ते ज्यानं आणलंय त्यालाच कळेल. गावातल्या एकाची रिक्षा होती, ती मी काही दिवस सांगितली. मग त्याचीही पोरं नगरला गेली आणि रिक्षा तिकडंच चालायला लागली.

पावसाळ्यात आम्ही ओढ्याच्या फरशीवर पडलो. वेग नव्हता, चिखलात चाक सरकलं आणि दोघंही बाजूला बसल्यासारखे पडलो. तिला खरचटलं नव्हतं, माझा गुडघा सोलवटला होता. उठून मोटरसायकल उभी केली आणि आम्ही फरशीच्या कडेला बसलो. तिनं पदराच्या टोकानं माझा गुडघा पुसला. बासष्ट वर्षांच्या माणसाचा. तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, की हे माझ्यामुळं झालं. मी तिकिटं फाट्याची दिली म्हणून गाव कागदावरून गेलं. वहिनीनं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर नवल असं काही दिसलं नाही. देवळातली सभा तिनंही ओट्यावरून ऐकली होतीच.

“पयलं तिकीट माझंच हुतं, भावजी,” ती म्हणाली.

मी म्हणालो, तुझं नाही, माझं. मशीन माझ्या हातात होतं. तिनं नुसती मान हलवली, आणि गाडी चुकेल म्हणाली. आम्ही निघालो. त्या दिवशी गाडी चुकली नाही.

पावसाळा सरला. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली. दोन-तीनदा तिनं मंगळवारचं शुक्रवारवर ढकलायला सांगितलं. डॉक्टर मला रागावले, मी तिला रागावलो. तिनं ऐकून घेतलं. मग एका मंगळवारी मी पावणेसातला नेहमीसारखा तिच्या दाराशी मोटरसायकल घेऊन गेलो. ती ओट्यावर बसली होती. शाल अंगावर होती, पण पिशवी शेजारी नव्हती. फायली आणि पाण्याची बाटली असलेली ती पिशवी आत खुंटीला टांगलेली उघड्या दारातून दिसत होती. कोंबड्यांना तिनं दाणे टाकले होते. दाणे संपले तरी कोंबड्या तिथंच घोटाळत होत्या.

म्हणालो, वहिनी, उशीर होतोय. ती हलली नाही. मी इंजिन बंद केलं. म्हणालो, मुलाला फोन करतो, तो नगरहून गाडी घेऊन येईल. नको म्हणाली, त्याला कामाचा खाडा. मी म्हणालो, सावेडीत राहायला चल, मी पाया पडतो तुझ्या. तेही नको म्हणाली. मग तिनं माझ्या गुडघ्याकडं पाहिलं. त्यावर अजून डाग होता.

“तुमी पडाल एखाद दिशी,” ती म्हणाली. “आपली गाडी लिंबाखालनं निगाली म्हंजी मला हाक मारा. तवर मी हितंच हाय.”

मी मोटरसायकल स्टँडला लावली आणि तिच्याशेजारी ओट्यावर बसलो. सात वाजले तेव्हा आम्ही दोघांनीही लिंबाकडं पाहिलं. पलीकडच्या दारात उभ्या असलेल्या मामांनीही पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. दवाखान्यातून साडेनऊला फोन येणार, त्यांना काय सांगायचं ते मी जुळवत होतो. नोकरीची सगळी वर्षं मी लोकांना ‘चला, बसा लवकर’ म्हणत आलो, दिवसातून शंभर वेळा, ओळखीच्यांना, अनोळख्यांना. त्या सकाळी मला ते तिला म्हणता आलं नाही.